उरल्या काठांची गोधडी

पुण्याच्या पेशवे दप्तरात जाण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना हे ठाऊक असेल की तेथील मोडी कागद कापडाच्या चौकोनी तुकड्यांत बांधून ठेवलेले आहेत. या गाठोड्यांना दप्तराच्या परिभाषेत रुमाल म्हणतात. संशोधक येतो, रुमालाची गाठ सोडतो, कागद बाहेर काढून भिंगातून वाचू लागतो आणि कापड बाजूस सारतो. यात कोणास काही वावगे वाटत नाही. आमचाही जन्म सरकारी फायली चाळण्यात गेल्याने कागदावर आहे तेवढेच घडले, अशी आमची दृष्टी झालेली होती. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मद्रासेतील मराठी माणसांवर काही जुने कागद जमवून लिहावे, असा आमचा पहिला बेत होता. तो बेत का फिरला ते ओघाने येईलच. प्रस्तुत लेखात आम्ही त्या बाजूस सारलेल्या कापडाकडे वळलो आहोत, आणि त्यातही कापडाच्या अगदी कडेला, काठाकडे.

काठ हा शब्द मोठा गमतीचा आहे. नदीलाही काठ असतो आणि लुगड्यालाही. तमिळ भाषेतही नेमके असेच आहे. ‘करै’ म्हणजे नदीचा तीर आणि ‘करै’ म्हणजेच वस्त्राची किनार. निवडणुकीच्या दिवसांत येथील पुढारी ज्या रंगीत काठांच्या वेष्ट्या नेसून हिंडतात, त्यांना ‘करै वेष्टी’ म्हणतात. दोन्ही भाषांनी एकमेकींस न विचारता वस्त्राला पाण्याची उपमा दिली, हे मैलापुरात राहावयास आल्यावर आमच्या ध्यानात आले.

माग चालताना उभे धागे, म्हणजे ताणा, ताणून धरलेले असतात आणि धोट्याबरोबर आडवा धागा, म्हणजे बाणा, त्यांतून जा-ये करतो. काठापाशी येऊन बाणा परत फिरतो. या परतीचा ताण सोसावा म्हणून तेथे ताण्याचे धागे अधिक दाट घातलेले असतात. म्हणून काठ उसवत नाही, त्याच्या दशा निघत नाहीत आणि मधले अंग विरून जाळीदार झाले तरी काठ टिकून राहतो. शिंप्याला मात्र हाच गुण अडचणीचा वाटतो. दाट विणीचा काठ धुण्यात निराळ्या प्रमाणात आटतो आणि शिवलेल्या कापडास चुणी पाडतो. तेव्हा चांगला कारागीर कापड बेतताना किनार आधी कापून टाकतो, आणि सर्वांत टिकाऊ भाग दुकानाच्या केरात जातो.

आमच्या मातोश्री मिरजेच्या. वडील तेथे रेल्वेत होते. मिरजेपासून कर्नाटक दूर नाही, आणि त्यामुळे आमच्या घरी इरकली लुगडी असत. इरकल म्हणजे आताच्या बागलकोट जिल्ह्यातील इळकल. तेथील काठांना चिक्की, गोमी, गाडीदडी अशी नावे आहेत आणि ती जुन्या बायका नातेवाइकांच्या नावांसारखी उच्चारीत. लुगडे बसण्याच्या जागी आधी विरते. मग तेवढा भाग काढून दांड घालीत आणि ते आणखी वर्ष दोन वर्षे नेसत. दांड घालण्याचीही सोय उरली नाही की मगच ते गोधडीसाठी निघे. अशा वेळी काठ मात्र फाडून वेगळे काढीत. नऊवारी लुगड्याला दोन्ही बाजूंचे मिळून अठरा वार काठ निघतो. सात फूट लांब व पाच फूट रुंद गोधडीच्या कडेस एक फेरा घालण्यास आठ वार लागतात. म्हणजे दोन फेरे घालून दोन वार उरलेच. हे गणित मातोश्रींनी आम्हांस आम्ही चौथीत असताना घातले होते आणि आम्ही ते चुकलो होतो.

गोधडी घालण्याचे काम उन्हाळ्यात चाले. अंगण सारवून त्यावर धडके लुगडे पसरायचे, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, जे हाताशी येईल ते वजन ठेवायचे, मध्ये विरलेली धोतरे, जुन्या चादरी, सदऱ्यांच्या पाठी अंथरायच्या आणि वर दुसरे लुगडे घालायचे. मग चौघीजणी चार बाजूंना बसत आणि धावदोऱ्याने कडेपासून आत येत. टाक्यांच्या चौकटी लहान लहान होत मध्यावर संपत. गोधडी नेहमी काठाकडून सुरू होते, मधून नव्हे. यास आम्ही पूर्वी केवळ सवय समजत होतो. परंतु आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हलियाळ, यल्लापूर, मुंडगोड या बाजूस आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांच्या स्त्रिया ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात, तीही कडेपासून सुरू होऊन मध्याकडे जाते. तिच्या चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावलेली असतात. फुले नसतील तर कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. या स्त्रियांच्या बोलण्यात कोंकणी आणि मराठी शब्द मिसळलेले असतात. २०११ साली त्यांच्या कवंद्यांचे प्रदर्शन न्यूयॉर्कला भरले, आणि तेव्हा कोठे आपल्याकडील सुशिक्षितांस या वस्तू पाहण्यासारख्या असतात असे कळले. हे नेहमीचेच आहे.

उरलेल्या कापडाचे मोल परदेशास कळण्यामागे आमच्या या मैलापूरच्या किनाऱ्याचाही हात आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी येथे सान थोमे वसविले. १६३९ साली इंग्रज कंपनीने त्याच्या उत्तरेस किल्ल्यासाठी वाळवंटाचा पट्टा घेतला. तेथे ना धड बंदर होते, ना गोड्या पाण्याची नदी. कापड स्वस्त आणि चांगले मिळते, हे त्यामागील मोठे कारण होते. पुढे १७३४ साली विणकरांसाठी चिंताद्रीपेट ही वस्ती मुद्दाम वसविली गेली. तिचे तमिळ नावच लहान मागांची पेठ अशा अर्थाचे आहे. या किनाऱ्यावरील रंगीत छिटे आणि पलंगपोस विलायतेत इतके गेले की तेथील लोकर व रेशीम विणणाऱ्यांनी ओरड केली, आणि १७०० व १७२१ साली पार्लमेंटने त्यांवर बंदीचे कायदे केले. फ्रान्सने तर १६८६ सालीच बंदी घातली होती. जे कापड नवे मिळेनासे झाले त्याचा कपटा न् कपटा विलायतेतील गृहिणींनी जपला. १७१८ हे वर्ष शिवून काढलेले रेशमी तुकड्यांचे एक पांघरूण इंग्लंडमध्ये आजही जतन केलेले आहे. ते छिटांचे नाही, हे खरे. परंतु तुकडे जोडून शोभा आणण्याची हौस त्या काळी किती रुजली होती याची त्यावरून कल्पना येते. आपण ज्यास गरिबीचे लक्षण म्हणून पाहुण्यांसमोर घडी घालून आत ठेवतो, ते तेथे खानदानाचा पुरावा म्हणून जपतात.

आपल्याकडे गोधडीस मान मिळाला तो साधूंच्या खांद्यावर. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडूनच करीत, आणि मगधातील भातशेतांच्या बांधांवरून त्याचा बेत आनंदाने काढला, असे विनयपिटकात सांगितले आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिलेले गाडगेमहाराज चिंध्यांची वस्त्रे वापरीत, म्हणून लोक त्यांस गोधडेबुवा म्हणत. नामदेवमहाराज तर जातीचेच शिंपी. परंतु संताने पांघरली की वंदनीय आणि आजीने शिवली की अडगळ, हा न्याय आम्हांस अलीकडे पटेनासा झाला आहे.

आता मैलापुरातील मराठी माणसांकडे वळू. तंजावरास व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य स्थापिले आणि ते १८५५ पर्यंत टिकले, हा इतिहास मंडळाच्या सभासदांस नव्याने सांगावयास नको. त्या राज्यामागून आलेली कुटुंबे पुढे मद्रासेस आली व मैलापुरात स्थिरावली. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणम येथे जन्मले आणि १८९१ साली मैलापुरात निवर्तले. त्यांचे आप्त दिवाणबहादूर रघुनाथराव यांच्या मैलापूर येथील घरी १८८४ च्या डिसेंबरात सतरा जणांची बैठक झाली, आणि तीतून राष्ट्रसभेच्या कल्पनेस चालना मिळाली असे मानतात. या थोर पुरुषांची पत्रे, भाषणे, अहवाल उपलब्ध आहेत. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागद आहेत. बृहदीश्वराच्या भिंतीवर तर भोसल्यांचा इतिहास १८०३ साली मराठीत दगडावर कोरलेला आहे. या सर्व पसाऱ्यात या घरांतील बायका कोणते काठ नेसत, लेकींच्या बाळंतविड्यात काय घालीत, याविषयी आम्ही दोन महिने शोध घेतला. हाती फारसे काही आले नाही. आमचा मूळ बेत फिरला तो येथे.

कागद मुके झाले तेव्हा आम्ही डोळे उघडून रस्त्यात पाहू लागलो. कपालीश्वराच्या पंगुनी उत्सवात रथाभोवती कापडाचे लांब नळकांडे लोंबत असतात. त्यांस ‘तोंबै’ म्हणतात. लाल, पांढऱ्या, हिरव्या, पिवळ्या कापडाचे आकार कातरून ते एकमेकांवर शिवलेले असतात. याच कामातील चांदव्यास ‘आसमानगिरी’ असे नाव आहे. या कामाचे मोठे केंद्र तंजावरच्या बाजूस आहे, आणि आसमान हा शब्द काही मूळचा तमिळ नव्हे. भोसल्यांच्या दरबारची ही खूण असावी, असा आमचा तर्क आहे. तज्ज्ञांनी तो खोडून काढावा, आम्हांस राग येणार नाही. नवरात्रात उत्तर माड रस्त्यावर बाहुल्यांचा बाजार भरतो. घरोघरी कोलू मांडतात आणि त्यात ‘मरप्पाच्ची’ नावाची लाकडी बाहुलाबाहुलीची जोडी असते. तिला दर वर्षी घरीच नवी वस्त्रे करतात, आणि ती वस्त्रे बहुधा जुन्या पट्टुपुडव्याच्या जरीच्या काठाची असतात. आपल्याकडे बाळाच्या कुंचीला खणाचा किंवा पैठणीचा काठ लावतात, तेच हे.

२००३ साली आमची येथे बदली झाली आणि मातोश्री आमच्याबरोबर आल्या. चित्रकुळाजवळ एक जुने घर भाड्याने मिळाले. मालकीणबाई वरच्या मजल्यावर राहत. त्यांना सारी गल्ली मामी म्हणे, आणि मातोश्रीही मामीच म्हणू लागल्या. हे नाते दोन्ही भाषांत चालते ही मोठीच सोय झाली. मातोश्रींना मराठी आणि मोडके कानडी येई, मामींना तमिळ आणि त्याहून मोडके हिंदी. मामी नऊवारच नेसत, परंतु आपल्या पद्धतीने, मडिसार. पहिले दोन आठवडे या दोघी एकमेकींच्या निऱ्या न्याहाळण्यापलीकडे काही बोलल्याचे आम्हांस आठवत नाही.

मद्रासच्या उकाड्यात गोधडी कोण पांघरणार? मातोश्रींनी मिरजेहून काठांचे मोठे गाठोडे आणले होते, ते पाहून आम्ही हाच प्रश्न केला. त्या म्हणाल्या, “पांघरायलाच शिवतात होय रे?” आणि त्यांनी सारीपाट घातला. सोंगट्यांच्या पटाला चार पाखे असतात, प्रत्येकात तीन ओळी आणि आठ आठ घरे. म्हणजे एकूण शहाण्णव घरे. काठ मुळातच अरुंद आणि लांब, त्यामुळे तो घरांच्या मापाने कापला की पट जणू आपोआप तयार होतो. शहाण्णव घरांना शहाण्णव निरनिराळे काठ लावायचे, एकही दुसऱ्यांदा यायचा नाही, असा मातोश्रींनी पण केला. गाठोड्यातले काठ एकसष्टावर संपले. तेव्हा मामी आपली ट्रंक घेऊन खाली आल्या. तमिळनाडूतही हा खेळ आहे, त्यास ‘सोक्कट्टान’ म्हणतात. त्यामुळे काय चालले आहे ते त्यांना न सांगता कळले होते.

येथून पुढे दुपारी खालच्या पडवीत जे काही चाले त्यास इतिहासपरिषद म्हणण्यास हरकत नाही. एक काठ हाती घ्यायचा, तो कोणाचा ते सांगायचे, समोरचीस कळले नाही तर खुणा करायच्या, आणि मग तो टाचायचा. हा थोरल्या जावेच्या लग्नातला गोमी काठ. हा कांचीपुरमचा, ज्याचे अंग आणि काठ दोन निराळ्या बाण्यांचे असून विणतानाच एकमेकांत गुंफलेले असतात. हा पेरांबूरच्या बकिंगहॅम अँड कर्नाटक गिरणीच्या कापडाचा. ती गिरणी १९९६ साली बंद पडली, मामींचे यजमान तेथे हिशेबनीस होते. हा मुंबईच्या गिरणीतल्या चादरीचा, किनारीवर गिरणीचे नाव अर्धे पुसलेले. १९८२ च्या जानेवारीत मुंबईचा संप सुरू झाला तेव्हा मातोश्रींचे दोन्ही भाऊ तेथे होते. त्यांतील एक गावी परतले ते पुन्हा मुंबईस गेले नाहीत. सहाव्या की सातव्या घरात ते नाव अजून वाचता येते. जरीच्या काठांवरून मात्र मामींच्या घरी थोडा वाद झाला. येथे जुने पट्टू वजनावर विकत घेणारे दारोदार येतात. जरीतील चांदी गाळून काढली की बाकीचे टाकून देतात. मामींच्या सूनबाईंना ते पैसे नको नव्हते. मामींनी चार काठ पटाला दिले आणि उरलेले सुनेच्या हवाली केले. हा तोडगा आम्हांस अनेक सरकारी समेटांपेक्षा शहाणपणाचा वाटला.

पट पुरा झाला. मार्गळीच्या सकाळी रांगोळ्या घालून झाल्या की दोघी खेळावयास बसत. पुढे आमच्या मुलीसाठी मातोश्रींनी चिमण्यांचे दुपटे केले, एक कापडी हत्ती केला, त्याच्या पाठीवर गुळेदगुड्डच्या खणाची झूल. गाठोडे पुन्हा भरू लागले. गल्लीतील लोक शिंप्याकडच्या किनारी आणून देत.

२०११ साली ते जुने घर पाडून तेथे सदनिका बांधावयाचे ठरले आणि आम्हांस दुसरीकडे जावे लागले. सामानाची यादी करण्याचे काम आम्ही स्वतः केले. कार्यालयात निरुपयोगी वस्तूंची विल्हेवाट लावण्याची जी रीत असते, तीच आम्ही घरी लावली. आपल्याकडे जशी बोहारीण येते, तसे येथेही जुन्या कपड्यांवर भांडी देणारे फिरतात. मातोश्री देवळात गेल्या असताना आम्ही ते गाठोडे त्यांतील एकास दिले आणि झाकणाचा एक स्टीलचा डबा घेतला. चांगला सौदा झाला असे आमचे मत होते. मातोश्रींनी परत आल्यावर कोपरा पाहिला, डबा पाहिला, झाकण घट्ट बसते का ते पाहिले, आणि त्यात रवा भरला. त्यानंतर त्यांनी सुई हाती धरली नाही. दृष्टी कमी झाली, असे त्या सांगत. २०१४ साली त्या गेल्या. डबा आहे.

आमची मुलगी आता न्यू जर्सीत असते. गेल्या वर्षी तिने कळविले की तेथे बायका छापील कापडाच्या किनारी मुद्दाम जमवितात. त्या किनारीवर कारखान्याचे नाव असते आणि छपाईत जितके रंग वापरले तितके रंगीत ठिपके ओळीने असतात, रंग आपापल्या जागी बसले की नाहीत ते पाहण्यासाठी. त्या ठिपक्यांच्या पट्ट्या जोडून तिने एक पिशवी शिवली आहे. “आजीचं गाठोडं कोणाकडे आहे, बाबा?” असे तिने विचारले. आम्ही उत्तरात तिच्या प्रकृतीची चौकशी केली.

या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही मामींकडे गेलो. त्या आता नव्वदीच्या घरात आहेत आणि नव्या सदनिकेत तिसऱ्या मजल्यावर राहतात. आम्हांस वाटत होते की सारीपाटही त्या गाठोड्याबरोबरच गेला. परंतु घर हलविण्याच्या आठवड्यात तो खेळासाठी वर गेलेला होता, आणि त्या गडबडीत तेथेच राहिला. मामींनी तो कोलूच्या बाहुल्यांच्या पेटीत, मरप्पाच्चीच्या अंगाखाली घडी करून ठेवला होता.

आम्ही तो पडवी नसलेल्या त्या घरात जेवणाच्या टेबलावर पसरला. सोबत सौभाग्यवती होत्या, त्यांस आता तमिळ उत्तम येते. मामी बोटाने एकेक घर दाखवीत सांगत गेल्या, सौभाग्यवती मराठीत सांगत गेल्या आणि आम्ही पांढऱ्या फितीच्या तुकड्यांवर न पुसणाऱ्या शाईने लिहीत गेलो: कोणाचा काठ, कोठला, अंदाजे साल. मिरजेकडच्या एकसष्ट काठांपैकी बहुतेक मामींना पाठ होते. आम्ही ज्यांना चुलती, आत्या, आजी म्हणत होतो त्या सर्व त्यांना काठांवरून ठाऊक होत्या. मराठी नावे तमिळ वळणाने येत, एवढाच फरक. दोन दुपारी लागल्या. मंडळाच्या भगिनींनी आपल्या घरची गोधडी, दुपटे, कुंची, जे असेल ते घेऊन बसावे, आणि ज्यांना सांगता येते त्या आहेत तोवर फितीवर लिहून घ्यावे, अशी आमची विनंती आहे. मोठ्या अक्षरांत लिहावे आणि फीत उलट्या बाजूस टाचावी. शाई आधी कोपऱ्यात धुऊन पाहावी, आमचे पहिले दोन तुकडे पसरले.

पटाच्या पूर्वेकडील पाख्यात, अगदी बाहेरच्या घरात, करड्या रंगाची एक साधी किनार होती. तीवर कसलीही वेलबुट्टी नाही, पुसटशी तीन इंग्रजी अक्षरे तेवढी. ती लुगड्याची नव्हे हे उघड होते. आम्ही तीस चादरीची समजून पुढे जात होतो. मामींनी हात धरला. “तंबी, इदु उन्नोडदु,” त्या म्हणाल्या. म्हणजे, हा तुझा. १९९१ साली आम्ही नोकरीस लागलो तेव्हा वडिलांनी मिरजेच्या बाजारातून विजारीचे कापड आणले होते. त्याचीच ही किनार. मातोश्रींनी ती शिंप्याकडून मागून घेतली होती.

सौभाग्यवतींनी फीत पुढे केली. आम्ही तीवर आमचे नाव लिहिले.